चित्रफितीतून गायब झालेल्या गाड्यांचा हिशेब द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुणे पुरवणीत बाह्यवळण महामार्गालगतच्या सेवा रस्त्यांबद्दल बातमी वाचली. सेवा रस्त्यावरून महामार्गावर चढायच्या आणि उतरायच्या जागा बदलल्या की कोंडी सुटेल, हे संगणकावर तपासून पाहिलं आहे, असा तिचा आशय होता. त्याच कामाची चित्रफीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावरही फिरली. निळ्या-पांढऱ्या गाड्या शिस्तीत येतात, अलगद मुख्य रस्त्यात मिसळतात आणि निघून जातात. खाली भराभर अंगठे पडले. मला मात्र ती पाहून काळजी वाटली, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण विषय रोज या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

मी वाहतूक अभियंता आहे. सतरा वर्षं हेच काम करते: रस्ता संगणकात उभा करायचा, त्यावर गाड्या सोडायच्या आणि काय होतं ते पाहायचं. ऑफिस पुण्यात, पण रस्ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडच्या फ्रीवेच्या, म्हणजे विनासिग्नल महामार्गांच्या, चढत्या-उतरत्या रॅम्पांवर माझा दिवस जातो आणि संध्याकाळी स्कूटरवरून मी वारज्याच्या सेवा रस्त्याला लागते. त्यामुळे या दोन्ही रस्त्यांची तुलना डोक्यातून जात नाही.

आमच्या कामात सगळ्यात अवघड जागा दोन. पहिली, जिथे बाजूचा रस्ता मुख्य रस्त्याला येऊन मिळतो आणि त्याची लेन थोड्या अंतरावर संपते. तिथे गाडीला त्या तेवढ्या लांबीतच आत शिरावं लागतं. याला मर्जिंग म्हणतात. दुसरी जागा म्हणजे एका बाजूनं गाड्या आत येतात आणि लगेच पुढे त्याच बाजूला बाहेर जाणारा फाटा असतो. आत आलेल्याला उजवीकडे सरकायचं असतं, बाहेर पडणाऱ्याला डावीकडे यायचं असतं, आणि दोघांच्या हातात तोच दोन-चारशे मीटरचा तुकडा असतो. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांतून जावेत तशा त्यांच्या वाटा एकमेकींतून जातात, म्हणून याचं नाव वीव्हिंग, म्हणजे वीण. अमेरिकेत महामार्गाची क्षमता मोजण्याचं प्रमाण पुस्तक १९५० साली निघालं, त्यातच या विणीवर वेगळं प्रकरण होतं. त्यानंतरच्या आवृत्त्यांत तिचं गणित पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. सरळ रस्त्याचं गणित मानानं सोपं आहे. वीण आली की माणसाचा स्वभाव मध्ये येतो.

वाकडपासून नवले पुलापर्यंतचा आपला बाह्यवळण रस्ता म्हणजे अशा विणींची माळच आहे.

आता संगणकातली गाडी आत कशी शिरते ते सांगते. तिला दोन फटी पाहाव्या लागतात. शेजारच्या लेनमधल्या पुढच्या गाडीपासूनची आणि मागून येणाऱ्या गाडीपासूनची. दोन्ही पुरेशा असल्या तरच ती लेन बदलते. लेन संपत आली की तिचा धीर सुटतो. मग ती कमी फटीतही शिरायला तयार होते, स्वतः जोरात ब्रेक मारते, मागच्यालाही मारायला लावते. किती कमी फट, किती जोराचा ब्रेक, किती मीटर आधीपासून तयारी, हे सगळे आकडे आहेत आणि ते आकडे माझ्यासारखं कुणीतरी बसून भरतं. भरले नाहीत तर सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठेवलेले आकडे लागू होतात. जगभर वापरलं जाणारं जर्मनीतलं 'विसिम' घ्या. त्यात गाडी आपल्या फाट्याची तयारी फक्त २०० मीटर आधी सुरू करते, असं मूळचं गृहीत आहे. महामार्गावर फाट्याची पाटी त्याच्या कितीतरी आधी लागते आणि रोज जाणारा माणूस तर पाटीचीही वाट बघत नाही. हा आकडा तसाच ठेवला तर शेवटच्या क्षणी सगळे आडवे होतात आणि खरी नसलेली कोंडी दिसते. उलट, तो भरमसाट वाढवला तर सगळ्या गाड्या आधीच गुपचूप आपापल्या लेनमध्ये जाऊन बसतात आणि खरी असलेली कोंडी दिसेनाशी होते. रस्ता तोच, गाड्या त्याच.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या हातून घडलेलं सांगते.

२०२०च्या टाळेबंदीत मी घरून काम करत होते. जेवणाच्या टेबलावरच संगणक मांडला होता. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत चालक होते. निम्मी नोकरी पुणे-मुंबई, निम्मी सातारा-पुणे. निवृत्तीनंतर त्यांना रस्ता बघायला मिळेना, म्हणून चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसत आणि पडद्यावरची वाहतूक बघत. त्या दिवशी मी एका अमेरिकी फ्रीवेचं काम संपवत आणलं होतं. बाजूच्या रॅम्पवरून आलेल्या गाड्या आणि पुढच्या फाट्यानं बाहेर पडणाऱ्या गाड्या, अशी वीण. दुसऱ्या दिवशी अहवाल जायचा होता.

"अगं, तो लाल ट्रक कुठं गेला?" अण्णा म्हणाले.

"पुढे गेला असेल, अण्णा."

"पुढं न्हाई गेला. मघापासनं त्या तोंडाशी इंडिकेटर देऊन उभा हुता. कुणी आत घेईना त्याला. आन् आता दिसंनाच."

मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. लेन संपते तिथे ट्रक उभा होता, पिवळा दिवा उघडझाप करत होता, शेजारून गाड्यांची रांग सलग चालली होती. साठ सेकंद झाले आणि ट्रक पडद्यावरून पुसला गेला. त्याच्या मागची गाडी सरकून त्याच्या जागी आली आणि तीही दिवा लावून उभी राहिली. आणखी एक मिनिटानं तीसुद्धा नाहीशी झाली.

यात सॉफ्टवेअरची लबाडी काही नाही. लेन बदलता न आल्यानं गाडी अडून बसली तर सगळं जाळंच तुंबेल, म्हणून ठरावीक वेळ थांबलेली गाडी उचलून टाकायची अशी सोय त्यात मुद्दाम ठेवलेली असते. विसिममध्ये ती वेळ मुळात ६० सेकंदांची. 'सुमो' नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे, त्यात अडकलेली गाडी ३०० सेकंदांनी उचलून पुढे नेऊन ठेवतात. प्रत्येक वेळी दोन्ही सॉफ्टवेअर तशी नोंदही करतात. ती नोंद मी त्या दिवशी घाईत उघडली नव्हती. उघडल्यावर कळलं की सकाळच्या गर्दीच्या एका तासात शंभराहून जास्त गाड्या अशा पुसल्या गेल्या होत्या. रस्ता मोकळा दिसत होता, कारण अडलेली गाडी त्यावर उरतच नव्हती. आणि सरासरी प्रवासवेळही छान येत होता, कारण जी गाडी पोहोचलीच नाही तिचा वेळ सरासरीत धरलाच जात नाही.

रात्रभर बसून मी ते दुरुस्त केलं. शेजारच्या लेनमधला चालक थोडा वेग कमी करून दुसऱ्याला आत घेतो, ती मुभा मी बंदच ठेवली होती, ती चालू केली. तयारीचं अंतर पाट्यांच्या जागांप्रमाणे वाढवलं. गाड्या उचलल्या जाण्याची वेळ इतकी लांबवली की कुणी उचललंच जाऊ नये. आणि मग खरं चित्र दिसलं. रांग रॅम्पवरून मागे सरकत खालच्या शहरी रस्त्याच्या सिग्नलपर्यंत पोहोचली. अहवालातली शिफारसच बदलावी लागली. तेव्हापासून कुठलंही काम हातात आलं की मी चित्र नंतर बघते, नोंदीची फाईल आधी उघडते.

आपल्या बातमीतल्या कामात असं झालं आहे, असा माझा आरोप नाही. ते करणाऱ्यांना मी ओळखत नाही आणि त्यांनी मन लावून काम केलं असेल. माझं म्हणणं एवढंच, की चित्रफितीवरून ते कुणालाच कळू शकत नाही. मलाही कळत नाही. किती गाड्या उचलल्या गेल्या? आराखड्याच्या वेशीवरच रांग लागल्यामुळे किती गाड्या आत येऊच शकल्या नाहीत? कारण त्याही पडद्यावर दिसत नाहीत, नकाशाच्या कडेबाहेर थांबलेल्या असतात. आणि हे एकदाच चालवून पाहिलं, की गाड्या येण्याचा यादृच्छिक क्रम बदलत दहा-वीस वेळा चालवलं? एका खेपेत सुटलेली कोंडी दुसऱ्या खेपेत तुंबते, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. चित्रफीत नेहमी एकाच खेपेची असते.

परदेशात सगळं बरोबर असतं असं नाही. पण तिथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १५ जून २००५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये यूएस-१०१ या फ्रीवेचा सुमारे ६४० मीटरचा तुकडा शेजारच्या ३६ मजली इमारतीवरून आठ कॅमेऱ्यांनी टिपला. सकाळी ७:५० ते ८:३५, पाऊण तास. व्हेंच्युरा बुलेव्हार्डवरून गाड्या आत येतात, काहुएंगा बुलेव्हार्डच्या फाट्यानं बाहेर पडतात आणि मध्ये एक जादा लेन, म्हणजे नेमकी आपली वीण. प्रत्येक गाडी सेकंदाच्या दहाव्या भागाला कुठे होती, हे त्या चित्रीकरणावरून नोंदवलं आणि ती माहिती सरकारनं कुणालाही वापरायला खुली केली. जगभरच्या संशोधकांनी त्यावर आपापली सूत्रं तपासली. पुढे त्याच माहितीतल्या वेग-प्रवेगाच्या नोंदींमध्ये चुका आहेत, हेही संशोधकांनीच दाखवून दिलं. माहिती उघडी होती, म्हणून तर चूक सापडली.

मिनेसोटात तर २००० साली थेट रस्त्यावरच तपासलं. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत फ्रीवेच्या रॅम्पांवर एकेक गाडी सोडणारे सुमारे ४३० सिग्नल होते. लोक वैतागले होते, रॅम्पवर उगाच थांबवता म्हणून. लोकप्रतिनिधींनी आदेश दिला आणि काही आठवडे ते सगळे सिग्नल बंद ठेवले. मोजलं तर गर्दीच्या वेळी फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाल्या आणि प्रवासवेळ वाढला. गाड्या एकदम झुंडीनं आत घुसल्या की मिसळण्याच्या जागी रांग लागते, आणि एकदा रांग लागली की त्या जागेतून आधी जेवढ्या गाड्या जात होत्या तेवढ्याही जात नाहीत. नंतर सिग्नल पुन्हा सुरू केले, पण थांबण्याच्या वेळेवर मर्यादा घालून. दोन्ही बाजूंचं म्हणणं मोजून पाहिलं, हे मला आवडलं.

आता आपल्याकडचं. इथे गाडी लेननं चालत नाही, जागेनं चालते. वारज्याच्या पादचारी पुलावर मी आणि अण्णा एका सकाळी तासभर उभे होतो. सेवा रस्त्यावरून विटांचा टेम्पो आला. तोंडाशी आला तसा त्यानं गिअर पाडला, उजवा दिवा लावला आणि नाक थोडं आत घातलं. मागून येणाऱ्या मोटारीनं डिपर दिला, तो मागे हटला नाही. एवढ्यात टेम्पो आणि दुभाजक यांच्यामधल्या हातभर जागेतून दोन दुचाकी निघून गेल्या, तिसरी टेम्पोच्या डावीकडून आली. मोटारीनं ब्रेक मारला. तिच्या मागे पीएमपीची बस होती, तिला डावीकडे थांब्यावर यायचं होतं, ती तशीच तिरकी थांबली. बसमागचा ट्रेलर तर पूर्ण उभाच राहिला. भरलेला ट्रेलर चढावर एकदा थांबला की पुन्हा वेग घ्यायला किती वेळ लागतो, ते अण्णांनी मला हातानं गिअर बदलून दाखवलं. टेम्पो तोपर्यंत कधीच निघून गेला होता. त्यानं सोडलेली ब्रेकची लाट मात्र मागे मागे सरकत राहिली.

"आपल्याकडं गॅप मिळत नसतो," अण्णा म्हणाले, "गॅप काढायचा असतो."

इतक्या नेमक्या शब्दांत हे मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही. परदेशी सूत्रातली गाडी फट मिळेपर्यंत वाट बघते. आपली गाडी नाक घालून फट तयार करते आणि दुचाकी ती भरून टाकते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हेही काही प्रमाणात दाखवता येतं: गाडीनं लेनच्या मध्यावरून चालायचं बंधन काढता येतं, एकाच लेनमध्ये शेजारून पुढे जाऊ देता येतं, दोन वाहनांमधलं आडवं अंतर देता येतं. पण ते अंतर किती, हे त्या त्या जागी जाऊन मोजावं लागतं. चेन्नईतल्या एका सहापदरी रस्त्यावरच्या मिश्र वाहतुकीची लॉस एंजेलिससारखी तपशीलवार माहिती संशोधकांनी खुली केली आहे. रस्त्यांच्या क्षमतेची आपली भारतीय नियमावलीही २०१७ साली तयार झाली. म्हणजे आपल्याकडे हे काम करणारी माणसं आहेत. त्या चित्रफितीत मात्र मला दुचाकी मोजक्याच दिसल्या आणि त्याही मोटारीसारख्या लेनच्या मधोमध चाललेल्या.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत असावी असं मला कळकळीनं वाटतं. संगणकात उभ्या केलेल्या रस्त्याच्या या प्रतिरूपांमध्ये अपघात होत नाहीत. गाडीनं पुढच्या गाडीला धडकू नये, अशीच सूत्रांची रचना असते. ब्रेक निकामी होत नाहीत, चालकाला डुलकी लागत नाही. म्हणून "चित्रफितीत सगळं सुरळीत दिसतं" याचा अर्थ "रस्ता सुरक्षित होईल" असा काढता येत नाही. गाड्या किती वेळा धडकता धडकता वाचल्या हे मोजायची वेगळी साधनं आहेत, ती मुद्दाम लावावी लागतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एकाच अपघातात डझनावारी गाड्या सापडल्या होत्या. उतारावरून वेगात येणारी अवजड वाहनं आणि सेवा रस्त्यावरून सावकाश आत शिरणारी स्थानिक वाहनं जिथे मिसळतात, त्या जागेचा निर्णय निव्वळ प्रवासवेळावर घेऊ नये.

अण्णांनी बोरघाटाबद्दल मला एक सांगितलं होतं. द्रुतगती मार्ग झाला, २००२ पासून पूर्ण सुरू झाला, पण घाटात आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत नवा सहापदरी आणि जुना चौपदरी असे दोन्ही रस्ते एकत्र येतात आणि दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत जाते. "दोन वढ्यांचं पाणी एका मोरीतनं," असं ते म्हणायचे. त्या तुकड्याला टाळण्यासाठीच पुढे दोन बोगद्यांचा, १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' आखावा लागला. मिसळण्याची एक जागा आधी अरुंद राहिली की नंतर डोंगर पोखरायची वेळ येते. सेवा रस्त्याच्या बाबतीत आपल्याला अजून कागदावर दुरुस्ती करता येते, ही संधी आहे.

माझी मागणी साधी आहे. ज्या संस्थेनं हे काम केलं तिनं चित्रफितीबरोबर आपल्या नोंदीची फाईलही जाहीर करावी. त्यातून किती गाड्या उचलल्या गेल्या आणि किती वेशीवर राहिल्या ते कळेल. लेन बदलण्याचे कोणते आकडे भरले आणि ते कुठे, कधी मोजून भरले, ते लिहावं. आजच्या रस्त्याचं प्रतिरूप आजच्या रांगांशी जुळतं का, तेही दाखवावं. नुसती गाड्यांची संख्या जुळून भागत नाही. सकाळी साडेनऊला रांगेचं शेपूट कुठल्या पेट्रोल पंपापर्यंत जातं हे इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. पडद्यावरचं शेपूट तिथेच पोहोचतं का? पोहोचत असेल तर पुढच्या आराखड्यावर बोलू. जनतेच्या पैशातून झालेल्या कामात यात गुप्त ठेवण्यासारखं काही नाही.

आणि आपल्या वृत्तपत्रालाही विनंती. अशी बातमी देताना वार्ताहरानं हे दोन-तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं छापावीत. उत्तर मिळालं नाही, तर तसंही छापावं.

फाईल जाहीर झाली आणि ती समजावून सांगायला कुणी हवं असेल, तर कुठल्याही रविवारी सकाळी मी यायला तयार आहे. वॉर्ड कार्यालय, सोसायटीचं सभागृह, कुठेही. संगणक माझा आणीन. अण्णाही येतो म्हणाले आहेत. प्रत्येक तोंडाशी पाच-पाच मिनिटं थांबून बघायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. घाई करायची नाही.

आपली नम्र,
एक वाहतूक अभियंता आणि नियमित वाचक,
वारजे, पुणे